‘के भयो?’ असे विचारणारा पोलीस

मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी थोडा वेळ नुसते उभे राहावे आणि कान उघडे ठेवावेत. ‘रत्नागिरीचे गेटवे’ म्हणून लोक जिथे फोटो काढतात तो हा धक्का. एका बाजूला राजिवड्याची खाडी, दुसऱ्या बाजूला रत्नदुर्गाची टेकडी आणि तिच्या पलीकडे मिरकरवाडा बंदर. फिरायला आलेल्यांची शहरी मराठी, राजिवड्या-मिरकरवाड्याच्या मुस्लिम बांधवांची कोकणी बोली, भेळवाल्याची हिंदी, आणि बोटीवरून सुट्टीला उतरलेल्या चार-पाच पोरांच्या टोळक्यातून येणारी नेपाळी. रत्नागिरीच्या मच्छीमारी बोटींवर नेपाळी खलाशी आता नवीन राहिलेले नाहीत. हापूसच्या बागांतून राखणीला असतो तोही बहुधा नेपाळीच. त्याला आपण सरसकट ‘गुरखा’ म्हणून मोकळे होतो, त्याचे नाव विचारत नाही.

याच किनाऱ्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली काळ्या वाळूत धावताना दिसतात. त्यात आपल्या समाजातील मुलेही असतात याचा आम्हांला आनंद आहे. मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखी परीक्षेचे १००. लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. विभक्ती प्रत्यय, समास, अलंकार सगळे तोंडपाठ. पण भरती झाल्यावर ज्या माणसाची फिर्याद लिहून घ्यायची, त्याची भाषा येते काय, हे कोणी विचारत नाही. आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. वाचक बंधू-भगिनींनो, विषय परका वाटेल; परंतु शेवटी तो आपल्याच दाराशी येतो, म्हणून धीर धरून वाचावे.

जगात या प्रश्नाचा सर्वात मोठा अनुभव अमेरिकेच्या पोलिसांना आहे. त्या देशात घरी स्पॅनिश बोलणारे लोक चार कोटींहून अधिक आहेत. शेतमजूर, बांधकामावरचे गवंडी, हॉटेलात भांडी घासणारे, घरकाम करणाऱ्या बाया, म्हणजे कष्टकरी वर्गाचा फार मोठा भाग. पोलीस इंग्रजी बोलणारा आणि रस्त्यावरचा माणूस स्पॅनिश बोलणारा, ही तिथली रोजची गोष्ट. म्हणून तिथे पोलिसांसाठी स्पॅनिशचे खास वर्ग निघाले, आणि अनेक शहरांत दोन्ही भाषा येणाऱ्या शिपायाला पगारात जादा रक्कम मिळते.

पण या वर्गांत आधी काय शिकवतात? ‘मानोस आरिबा’, म्हणजे हात वर. ‘आल्तो’, म्हणजे थांब. हलू नको, खाली बस, परवाना दाखव. सगळी आज्ञार्थी वाक्ये. चार-सहा दिवसांच्या वर्गात एवढे पाठ होते आणि शिपायाला वाटते, आपल्याला स्पॅनिश आली. हुकूम सोडायला दहा वाक्ये पुरतात. समोरचा रडत, धापा टाकत, अर्धवट बोलत काय सांगतो आहे ते समजायला मात्र वर्षे लागतात. ‘के पासो?’ म्हणजे ‘काय झाले?’ हा प्रश्न विचारणे सोपे आहे. त्याचे उत्तर ऐकून समजणे ही खरी परीक्षा.

अर्धवट भाषेने काय होते याचे एक उदाहरण २०१३ सालचे आहे. अमेरिकेत १९६६ पासून असा नियम आहे की, अटकेतील माणसाची चौकशी करण्याआधी पोलिसाने त्याला त्याचे हक्क सांगितले पाहिजेत : तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकिलाचा हक्क आहे, आणि पैसे नसतील तर वकील फुकट मिळेल. ज्या खटल्यातून हा नियम आला त्यातील आरोपी अर्नेस्टो मिरांडा हा स्वतः मेक्सिकन वंशाचा, गरीब आणि अल्पशिक्षित होता. आता २०१३ ची गोष्ट. एका स्पॅनिशभाषक आरोपीला हक्क सांगताना पोलिसाने ‘फुकट’ या अर्थी ‘लिब्रे’ हा शब्द वापरला. इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे फुकट आणि ‘फ्री’ म्हणजे मोकळाही. स्पॅनिशमध्ये मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे ‘ग्रातिस’. ‘लिब्रे’ म्हणजे मोकळा, रिकामा. त्यामुळे आरोपीला ऐकू आले ते असे, की मोकळा असलेला एखादा वकील तुला मिळू शकेल. मोकळा नसेल तर? वरच्या न्यायालयाने सांगितले की अशा भाषांतराने हक्क पोहोचलेलाच नाही, आणि त्या चौकशीतील जबाब ग्राह्य धरला नाही. एका शब्दाने सारी चौकशी फुकट गेली! त्यानंतर तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, तिथल्या वकिलांच्या संघटनेने मागणी केली की या हक्कांचे एकच प्रमाण स्पॅनिश भाषांतर सर्वत्र वापरावे.

सरकारी मदत घेणाऱ्या खात्याने, म्हणजे पोलिसांनीही, इंग्रजी न येणाऱ्याला त्याच्या भाषेत सेवा द्यावी, हा हक्क तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून वाढला. तो कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे फळ आहे. म्हणजे लढले कृष्णवर्णीय आणि सावली स्पॅनिशभाषक मजुरालाही मिळाली. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भाषेच्या सोयीसाठी स्वतंत्र आदेश काढला. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवून तो आदेश रद्द केला. १९६४ चा कायदा मात्र कायम आहे. आदेशाने दिलेले आदेशाने जाते, कायद्याने दिलेले तेवढ्या सहज जात नाही, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको.

मुंबईलाही स्पॅनिशशी काम पडते. दक्षिण अमेरिकेतून कोकेन घेऊन येणारे प्रवासी मुंबईच्या विमानतळावर पकडले जातात आणि त्यातील पुष्कळांची भाषा स्पॅनिशच असते. अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडती घेण्याआधी त्या माणसाला सांगावे लागते, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. हे सांगणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. आता ज्याला समजलेच नाही त्याला ‘सांगितले’ असे कसे म्हणावे? आपल्या मुलांपैकी ज्यांना भाषांची आवड आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, स्पॅनिश शिकवली जाते. दुभाष्याचे काम हे मानाचे काम आहे.

परंतु मांडवीच्या शिपायाला स्पॅनिश कधी लागायची? त्याची स्पॅनिश म्हणजे नेपाळी.

आमचे म्हणणे असे, की नेपाळीइतकी सोपी परभाषा मराठी माणसाला दुसरी मिळणार नाही. लिपी आपलीच, देवनागरी. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ती आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, म्हणजे ती भारताचीही भाषा आहे. स्पॅनिशमध्ये ‘के पासो?’, तर नेपाळीत ‘के भयो?’ दोहोंचा अर्थ एकच : काय झाले? ‘कहिले?’ म्हणजे केव्हा, ‘कहाँ?’ म्हणजे कुठे, ‘कसले?’ म्हणजे कोणी. ‘हात’ तो हातच. पण ‘टाउको’ म्हणजे डोके आणि ‘खुट्टा’ म्हणजे पाय. ‘खुट्टा भाँचियो’ म्हणून विव्हळणाऱ्याचा पाय मोडलेला असतो, बोटीचा खुंटा नव्हे.

मात्र सोपी भाषाच जास्त फसवते, कारण आपल्याला ती कळली असे वाटते. ‘हिजो’ म्हणजे काल आणि ‘भोलि’ म्हणजे उद्या. ‘अस्ति’ म्हणजे परवा, तोही मागचा परवा. फिर्यादीत दिवस चुकला की आरोपीचा वकील पुढे तोच धागा धरून सगळे उसवतो. आणि सर्वात मोठा फसवा शब्द ऐका. मराठीत ‘मारले’ म्हणजे मारहाण केली. जीव घेतला तर आपण ‘मारून टाकले’ म्हणतो. नेपाळीत मारहाणीला ‘कुट्नु’ म्हणतात, आपल्या कुटण्यासारखेच. आणि ‘मार्नु’ म्हणजे ठार मारणे. समजा एखादा खलाशी रात्री धावत ठाण्यात आला आणि म्हणाला, ‘साथीलाई मार्‍यो’. तो सांगतो आहे, माझ्या सोबत्याचा जीव घेतला. ठाणे अंमलदार लिहील, ‘मित्रास मारले’. एकीकडे भारतीय न्याय संहितेचे कलम १०३, खुनाचे. दुसरीकडे कलम ११५, दुखापतीचे. अमेरिकेचे ‘लिब्रे’ आणि आपले ‘मार्‍यो’ ही सख्खी भावंडे आहेत.

बोटीवरचे तंटे कशावरून होतात? उचल घेतलेली असते, हिशेब राहिलेला असतो, दोरात किंवा विंचमध्ये हात सापडलेला असतो, हंगाम संपून ३१ मे नंतर बोटी किनाऱ्याला लागल्या की पगार अडकतो. अशा तंट्यात खलाशी ठाण्यात गेला तर त्याचे म्हणणे मराठीत कोण सांगणार? जो हाताशी असेल तो. म्हणजे त्याच बोटीचा तांडेल, नाहीतर मुकादम, नाहीतर मालकाच्या ओळखीचा कोणी. ज्याच्याविरुद्ध सांगायचे त्याच्याच तोंडून सांगायचे! न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून देण्याची तरतूद आहे, आणि दुभाष्याने खरेच भाषांतर करावे असे बंधनही आहे. पण खटल्याचे नशीब ठरते ते ठाण्यातल्या पहिल्या रात्री, आणि त्या रात्री असे काही हाताशी नसते. १९९३ च्या स्फोटांचा माल रायगडच्या किनाऱ्यावर उतरला आणि २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हापासून बोटीवरच्या प्रत्येकाची ओळखपत्रे तपासली जातात. तपासणी कडक व्हावी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्याला तपासायचे त्याच्याशी बोलता आले तर तपासणी अधिक चांगली होईल, हे सुरक्षेच्या बाजूनेही खरे आहे.

भाषा शिकण्याचे ओझे नेहमी दुबळ्याच्याच खांद्यावर का येते? रत्नागिरीला याचा जुना अनुभव आहे. ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी एप्रिल १८८६ मध्ये कैदी म्हणून इथे आणले. तीस वर्षे तो पोलिसांच्या पहाऱ्यात राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. राजा आणि त्याच्यावर नेमलेले अधिकारी यांच्यामध्ये दुभाषे असत. शेवटी भाषा बदलली ती कैद्याच्या घराण्याची. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच गरिबीत वाढली आणि जन्मभर इथल्या माणसांसारखीच मराठी बोलली. राजाच्या नातीची ही गत, तर बोटीवरच्या पोराची काय कथा!

भगवान बुद्धांनी या प्रश्नाचे उत्तर उलट बाजूने दिले होते. धम्म विद्वानांच्या छंदस् भाषेत बसवावा, असे दोन ब्राह्मण कुळातील भिक्खूंनी सुचवले तेव्हा तथागतांनी ते साफ नाकारले, आणि लोकांच्या आपल्या भाषेतच तो शिकावा अशी अनुज्ञा दिली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ही हकिकत आहे. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तर ते साधे भांड्याचे उदाहरण देतात. एकाच भांड्याला निरनिराळ्या मुलखांत निरनिराळी नावे असतात. आपल्याच मुलखातला शब्द खरा असा हट्ट धरू नये, त्यातून कलह होतो. पोलीस प्रशिक्षण केंद्रात हे सुत्त कोणी शिकवणार नाही. पण आपल्या विहारात भरतीची मुले बसतात, तिथे ते वाचायला काय हरकत आहे?

आता आपल्या दाराशी येऊ. नेपाळी खलाशाची जी गत, ती आपल्या आईबापांची पोलिसी मराठीपुढे झालेली आहे. गावगाड्यात वेसकराच्या कामापासून बेवारस प्रेताची राखण करण्यापर्यंत पोलिसांची निम्मी कामे महारांच्या माथी होती. १९५८ च्या कायद्याने वतने गेली तेव्हा ती सुटली. पण खात्याच्या अंगावरचा गणवेश मात्र आपल्याला मिळत नव्हता. परमपूज्य बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात लष्कर, आरमार आणि पोलीस खात्यात मुक्त प्रवेशाचा हक्क मागितला. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य वर्गातून एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमावा, अशीही मागणी केली. एवढी बारीक मागणी का? कारण त्यांना ठाऊक होते की, फिर्याद लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी कोणाची आहे यावर न्यायाचा पहिला अर्धा भाग ठरतो.

ती लेखणी आजही काय करते पाहा. बाई सांगते, अमक्याने चव्हाट्यावर चार माणसांदेखत अमुक शब्द उच्चारले. कागदावर येते : ‘सदर इसमाने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ केली.’ बाईचे शब्द गेले, खात्याचे शब्द आले. पुढे न्यायालय विचारते, नेमके काय म्हणाला? कोणासमोर म्हणाला? ते कागदावर नसते आणि खटला लंगडा पडतो. शेवटी ठरलेले वाक्य असते : ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ वाचून न दाखवताही हे वाक्य लिहिता येते, ही त्यातली मेख.

म्हणून ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. नवीन नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवावीच लागते, आणि प्रत मोफत द्यावी लागते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली. ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे आणि त्याप्रमाणे सही घेण्याआधी वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. शिवीचा शब्द उच्चारायला लाज वाटते, हे खरे. तरीही तो जसाच्या तसा सांगावा आणि जसाच्या तसा लिहिलेला पाहावा. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी बरोबर न्यावी.

अटक झालेल्याच्या बाजूनेही न्यायालये हळूहळू पुढे आली आहेत. १९६२ मध्ये महाराष्ट्रातील हरिकिसन यांच्या प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्यांनी हिंदी भाषांतर मागितले, ते मिळाले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. १९८१ मध्ये लल्लुभाई पटेल यांच्या प्रकरणात पोलीस इन्स्पेक्टरने सांगितले की, आपण सर्व कारणे गुजरातीत तोंडी समजावून दिली होती. न्यायालय म्हणाले, तेवढे पुरेसे नाही. त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवे. ही दोन्ही प्रकरणे खटल्याविना स्थानबद्ध केलेल्यांची. साध्या अटकेलाही हे लागू आहे, हे ठामपणे सांगितले गेले ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात : कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे अटक केलेल्याला समजेल त्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत, त्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती मसीह यांच्यासमवेत तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते, सरन्यायाधीशपदी पोहोचलेले आपले पहिले बौद्ध बांधव. प्रकरण एका श्रीमंत घरातल्या मुलाचे होते. उपयोग मात्र आता मांडवीच्या खलाशालाही व्हायला हवा. त्याची कारणे नेपाळीत कोण लिहून देणार, हा प्रश्न जिल्ह्याच्या पोलीस खात्याने निकालात काढायचा आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. नेपाळीत समोरच्याला हाक मारण्याच्या तीन पायऱ्या आहेत : ‘तँ’, ‘तिमी’ आणि ‘तपाईं’. स्पॅनिशमध्ये दोन : ‘तू’ आणि ‘उस्तेद’. होय, त्यांचाही ‘तू’ म्हणजे आपला तूच! पोलिसाने अनोळखी माणसाला ‘उस्तेद’ म्हणावे, असे चांगले शिक्षक तिथे आधी शिकवतात. आपल्या वडीलधाऱ्यांना खाकी गणवेशाकडून ‘तू’ आणि ‘अरे’ किती पिढ्या ऐकावे लागले, ते आपल्याला माहीत आहे. ‘जोहार मायबाप’ म्हणायला लावणारी ती भाषा आपण ‘जयभीम’ म्हणून टाकून दिली. तेव्हा आपल्या घरातून जो मुलगा किंवा मुलगी शिपाई होईल, त्याने खलाशाला ‘तँ’ म्हणू नये. ‘बस्नुहोस्’, बसा. ‘नडराउनुहोस्’, घाबरू नका. ‘के भयो?’

आणि शिकवणीला पुण्याला जायची गरज नाही. राखणदारांची आणि खलाशांची काही कुटुंबे आता इथेच राहतात; त्यांची मुले आपल्या मुलांच्या शेजारी शाळेच्या बाकावर बसतात आणि मराठी आपल्यासारखीच बोलतात. बाबासाहेब महापरिनिर्वाणापूर्वी दोन-तीन आठवडे, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. लुंबिनीही त्याच देशात आहे. एवढी ओळख बोलणे सुरू करायला पुरे. रविवारी अशा एखाद्या मुलाला विहारात बोलवावे, फळ्यावर एका बाजूला त्याने लिहावे, दुसऱ्या बाजूला भरतीच्या मुलांनी. सुरुवात काल, आज, उद्या यांपासून करावी. ‘मार्‍यो’ आणि ‘कुट्यो’ त्याच दिवशी घ्यावे.